खेळणी : वयानुरूप निवड

मुलाच्या शारीरिक व मानसिक वाढीच्या टप्प्याला साजेशी खेळणी देणे. पहिल्या वर्षात बाळ हाती येईल ते तोंडात घालते. म्हणून खुळखुळा हलका आणि भाग न सुटणारा हवा. सुमारे आठव्या महिन्यापासून, दृष्टीआड झालेली वस्तू नाहीशी होत नाही हे त्याला उमगू लागते आणि कापडाखाली लपवलेली वाटी शोधण्यात ते रमते. उभे राहू लागल्यावर पांगुळगाडा. दोन वर्षांनंतर कल्पनेचा खेळ बहरतो. इथे भातुकलीला तोड नाही : रिकामी बोळकी ‘भरलेली’ मानताना मूल प्रतीके वापरायला शिकते, भूमिका वाटून घेते, भांडते, समेट करते. ती मुलग्यांनाही अवश्य द्यावी. सापशिडीसारखे नियमांचे खेळ सहा-सात वर्षांच्या सुमारास खऱ्या अर्थाने जमतात.

महाग साहित्य आवश्यक नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत शंख, शिंपले, बिया यांतून शैक्षणिक साधने घडवली. मात्र तीन वर्षांखालील मुलांच्या हाती असे बारीक जिन्नस देऊ नयेत. ते घशात अडकतात. भारतात १ जानेवारी २०२१ पासून कारखानी खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह बंधनकारक आहे.