बिनरस्त्याच्या जंगलातला रस्ता

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोचा नकाशा काढून गिला नॅशनल फॉरेस्ट शोधा. त्यात दोन मोठे राखीव भाग शेजारीशेजारी दिसतील: गिला वाइल्डरनेस आणि अल्डो लिओपोल्ड वाइल्डरनेस. दोघांच्या मधून एक कच्चा रस्ता जातो. माझा अख्खा शनिवार या रस्त्याने खाल्ला!

लिओपोल्ड हा वनखात्यातला माणूस. येलमधून वनशास्त्र शिकून 1909 मध्ये नोकरीला लागला. तेव्हा डोंगराडोंगरांत मोटारींसाठी रस्ते होत होते. 1921 मध्ये त्याने लिहिलं की काही जंगलं मुद्दाम बिनरस्त्याची ठेवूया. किती मोठी? तर घोड्याखेचरांवर सामान लादून दोन आठवडे भटकता येईल एवढी. त्याच्या डोक्यात पर्यावरणापेक्षा शिकारीची जुनी मजा जास्त होती, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. 3 जून 1924 ला गिलाच्या उगमाकडचे साधारण साडेसात लाख एकर असे राखून ठेवले गेले. जगातलं हे पहिलं सरकारी 'वाइल्डरनेस'.

(ते 'निर्मनुष्य' होतं म्हणे. तिथे कड्यांमधल्या गुहांत मोगोयोन लोकांनी तेराव्या शतकात बांधलेली घरं आहेत. पुढे हा अपाचेंचा मुलूख होता. 1886 मध्ये जेरोनिमो शरण आला आणि चिरिकावा अपाचेंना कैदी म्हणून रेल्वेत भरून फ्लोरिडाला धाडलं. निर्मनुष्य असं केलं जातं.)

आता रस्त्याकडे येऊ. त्या काळात लांडगे संपवायची सरकारी मोहीम जोरात होती आणि लिओपोल्ड स्वतः तिचा खंदा समर्थक. लांडगे कमी म्हणजे हरणं जास्त, हरणं जास्त म्हणजे शिकारी खूश, असा साधा हिशोब. लांडगे संपले आणि हरणं खरंच वाढली, इतकी की झाडोरा ओरबाडला जाऊ लागला. मग ती मारायला शिकारी हवेत. शिकारी आत पोचणार कसे? म्हणून 1930 च्या सुमारास वनखात्याने नॉर्थ स्टार रोड जंगलातून काढला आणि राखीव भागाचे दोन तुकडे झाले. आमच्या धंद्यात एका पॅचने दुसरं मोड्यूल पडतं, तसलाच प्रकार. फक्त इथे रोलबॅक नाही.

लिओपोल्डला हे पुढे उमगलं. आपण मारलेल्या लांडगीवरचा त्याचा लेख 1949 साली, तो गेल्यानंतर वर्षभराने, पुस्तकात आला. 1964 मध्ये वाइल्डरनेस कायदा झाला, आणि वनखात्याच्या हुकमावर टिकलेल्या गिलाला संसदेच्या कायद्याचं संरक्षण मिळालं. रस्त्यापलीकडच्या तुटलेल्या तुकड्याला 1980 मध्ये लिओपोल्डचंच नाव दिलं. याला काय म्हणावं!

1998 मध्ये शेजारच्या ॲरिझोनातल्या जंगलात अकरा मेक्सिकन लांडगे सोडले. पिंजऱ्यात जपलेल्या अवघ्या सात जनावरांची ही प्रजा. नंतर ते गिलातही आले. आता नॉर्थ स्टार रोडच्या दोन्ही बाजूंना ते फिरतात, आणि रस्त्यावरून गाड्याही जातात.