घरचे बियाणे

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सौंसर तालुक्यातील बोरगाव लागते. २०२३ साली हा तालुका नव्या पांढुर्णा जिल्ह्यात गेला. परंतु कापूस, संत्री आणि मराठी बोली ही इथली ओळख कायम आहे. या मुलखातील जुना शेतकरी पीक हाती येताच पुढल्या सालचे बियाणे आधी बाजूला काढून ठेवी. साल कसेही जावो, कणगीतले बी शाबूत असले की शेत पुन्हा उभे राहील, हा त्याचा भरवसा. रोग्याच्याच रक्तातील मूळपेशी गोळा करून त्यालाच परत देण्याच्या उपचारात हेच शहाणपण आहे. त्या उपचाराच्या इतिहासात बोरगावच्या परिसराचाही एक प्रश्न गुंतलेला आहे.

रक्त तयार होते ते हाडांच्या पोकळीतील मज्जेत. तेथील थोड्या मूळपेशींपासून तांबड्या, पांढऱ्या अशा सर्व रक्तपेशी जन्मभर निर्माण होत राहतात. १९६१ मध्ये टोरांटोच्या टिल व मॅक्युलक यांनी उंदरांवरील प्रयोगांतून या पेशींचा पुरावा दिला. त्याआधीच, १९५७ मध्ये, अमेरिकेतील डॉ. डोनाल थॉमस यांनी मज्जा शिरेवाटे रोग्याला देण्याचे आपले पहिले प्रयत्न प्रसिद्ध केले होते. पुढे १९९० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्याकडे शिकून आलेले डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ च्या मार्चमध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात भारतातील पहिले यशस्वी मज्जारोपण केले. लहानपणी पोलिओने पाय अधू झालेल्या या डॉक्टरांनी आपले सारे कार्य चाकाच्या खुर्चीवरून केले.

त्या काळी मज्जा काढावयाची म्हणजे भूल देऊन कमरेच्या हाडात पुनःपुन्हा सुई खुपसावी लागे. १९६२ मध्ये गुडमन व हॉजसन यांनी उंदरांच्या वाहत्या रक्तातही मूळपेशी असल्याचे दाखविले; मात्र त्या अगदी विरळ होत्या. १९७० नंतरच्या दशकात असे दिसून आले की, कर्करोगाच्या औषधांनंतर मज्जा सावरू लागली की रक्तातील या पेशींची संख्या काही दिवस वाढते. १९८८ च्या सुमारास 'जी-सीएसएफ' या द्रव्यानेही माणसात तसेच घडते, हे सिद्ध झाले. हाडातले बियाणे रक्तात उतरविण्याची किल्ली अशी हाती आली.

आज ही कापणी पुढीलप्रमाणे होते. चार-पाच दिवस रोज इंजेक्शन दिले जाते. मग रोग्याचे रक्त नळीवाटे एका यंत्रात जाते. फिरत्या भांड्यात मूळपेशींचा थर निराळा होतो आणि उरलेले रक्त अंगात परत जाते. यास काही तास लागतात. भूल लागत नाही. वजनाच्या दर किलोमागे निदान २० लाख मूळपेशी हव्यात, असा दंडक आहे. त्या द्रव नायट्रोजनच्या थंडीत गोठवून ठेवतात. नंतर मज्जेच्या कर्करोगावर मेल्फॅलनसारखे जहाल औषध देता येते. ते रोगाबरोबर मज्जाही जाळते. पण राखून ठेवलेल्या पेशी शिरेत सोडल्या की त्या आपली वाट ओळखून हाडात जाऊन बसतात, आणि सुमारे दोन आठवड्यांत नवे रक्त उगवू लागते.

परंतु जी किल्ली हजारोंना उपयोगी पडली, तीच विदर्भ व सातपुड्याच्या मुलखातील एका जुन्या दुखण्यात घातक ठरली. ते दुखणे म्हणजे सिकलसेल. यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना देतात. मध्य भारतातील या दोषाची नोंद शुक्ल व सोळंकी यांनी १९५८ साली 'लॅन्सेट' मध्ये केली. अशा रोग्यास जी-सीएसएफ दिल्याने वेदनेचा झटका उसळू शकतो. २००१ मध्ये अशा एका मृत्यूची नोंद झाली आहे.

दुसरी किल्ली अनपेक्षितपणे सापडली. एड्सच्या विषाणूवर म्हणून तपासल्या जाणाऱ्या एका औषधाने माणसांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी वाढल्या. मूळपेशींना मज्जेत धरून ठेवणारी पकड ते सैल करीत होते. प्लेरिक्साफॉर या नावाने २००८ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली, आणि सिकलसेलच्या रोग्यांतही त्याने पेशी गोळा करता येऊ लागल्या. तथापि त्या बियाण्यातच दोष असतो. तसेच परत पेरून काय उपयोग? म्हणून त्या पेशी बाहेर काढून त्यांच्या जनुकांत फेरफार करावयाचा आणि मग त्या परत द्यावयाच्या, अशी पद्धत निघाली. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने तीस मान्यता दिली. भाऊ-बहिणीची मज्जा जुळत नाही म्हणून निराश झालेल्यांना हा मार्ग आहे. पण अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली. कापसाच्या उत्पन्नावर जगणाऱ्या घराला हा आकडा उच्चारणेही कठीण. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीतील शास्त्रज्ञांनी विकसित केलेली 'बिरसा १०१' ही स्वदेशी पद्धत जाहीर झाली. स्वस्ताईची आशा आता तिच्यावर आहे.

तोपर्यंत पहिले पाऊल साधेच आहे: दोष वेळीच ओळखणे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातीलच शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. बोटाच्या टोकावरून घेतलेला रक्ताचा एक थेंब त्यासाठी पुरेसा असतो. पेरणीपूर्वी मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधून उगवण पाहण्याची रीत शेतकऱ्याला नवी नाही. लग्नापूर्वी आणि बाळाच्या जन्मानंतर रक्त तपासून घेणे ही तशीच रीत ठरावी.