विज्ञानकथा आणि सोंगाड्याची गैरहजेरी

कारेल चापेकच्या 'आर. यू. आर.' (1920) या नाटकाने जगाला 'रोबो' हा शब्द दिला. चेक भाषेतील 'रोबोता' म्हणजे सक्तीने करून घेतलेले काम. मराठीत त्याला 'वेठ' हा नेमका शब्द आहे. विज्ञानसाहित्यातील या सर्वांत प्रसिद्ध शब्दाच्या पोटातच वेठबिगारी आहे. मराठी विज्ञानकथेची चर्चा मात्र प्रामुख्याने वैज्ञानिक कल्पनेच्या सच्चेपणाभोवती फिरत राहिली. त्या कल्पनेतले यंत्र चालवणारा, पाळीवर जांभया देणारा, पगारावरून कुरकुरणारा माणूस कथेत कोठे उभा आहे, हा प्रश्न दुय्यम ठरला.

वस्तुतः हे पात्र विज्ञानकथेहून फार जुने आहे. 'अभिज्ञानशाकुंतला'च्या सहाव्या अंकाच्या प्रवेशकात अंगठी सापडलेल्या कोळ्याला पकडून आणणारे दोन रक्षक येतात. कोळ्याचा वध कधी होतो याची ते वाट पाहतात, आणि त्याला बक्षीस मिळताच त्याच्याबरोबर मद्याच्या दुकानाकडे वळतात. राजाची हरवलेली स्मृती परत आणणारी वस्तू या प्राकृत बोलणाऱ्या, हलक्या नोकरीतल्या माणसांच्या हातून पुढे सरकते. नाटकाचा विसावा म्हणून त्यांच्याकडे पाहिले जाते. कथानकाचे ओझे मात्र त्यांच्याच खांद्यावर असते.

पाश्चात्त्य विज्ञानपटांनी ही युक्ती उशिरा, पण हुशारीने उचलली. अकिरा कुरोसावाच्या 'द हिडन फोर्ट्रेस' (1958) मधील दोन भांडकुदळ शेतकरी जॉर्ज लुकासच्या 'स्टार वॉर्स' (1977) मध्ये दोन यंत्रमानव होऊन आले. श्रमिकाची जागा यंत्राने घेतली, कुरकुर तेवढी कायम राहिली. 'एलियन' (1979) मधील पार्कर आणि ब्रेट हे यंत्रविभागातले कामगार. परग्रहावर उतरण्याच्या रोमांचापेक्षा आपल्या वाट्याला येणारी रक्कम इतरांपेक्षा कमी का, याची त्यांना चिंता. प्रेक्षक त्यावर हसतो. पुढे कंपनीने सर्वच खलाशांचा जीव स्वस्त मानला होता हे उघड होते, तेव्हा ती कुरकुरच चित्रपटातले पहिले शहाणपण होते असे लक्षात येते.

मराठीत या पात्राला परंपरेची उणीव नव्हती. अहमदनगर (2024 पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील संगमनेर हे त्याचे एक माहेरघर. शाहीर अनंतफंदी (1744–1819) येथलाच. पठ्ठे बापूरावांच्या फडात गाजलेली पवळा याच तालुक्यातल्या हिवरगावची, आणि कांताबाई सातारकरांचा फडही पुढे संगमनेरातच स्थिरावला. तमाशातील वगात राजा-प्रधानाच्या दरबारी सोंगाड्या शिपाई किंवा हवालदार म्हणून येतो. राजाज्ञा ऐकताना तो आळस देतो, हुकमाचा उलटा अर्थ लावतो आणि पुराणकाळात खुशाल आजचा बाजारभाव विचारतो. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' (1965) मधील दादा कोंडके यांच्या हवालदाराने हीच रीत शहरी रंगमंचावर नेली. आजचा कालखंड परक्या काळात घुसवण्याचे हे तंत्र विज्ञानकथेच्या तंत्राचेच उलटे रूप आहे. इतके जवळचे साधन हाताशी असताना ते न वापरले जाण्याला कारणे असली पाहिजेत.

पहिले कारण जन्माचे. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना 1966 ची. तिच्या विज्ञानरंजन कथास्पर्धेत 1974 साली जयंत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली व पारितोषिक मिळवले. नव्या विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळण्यात या घटनेचा वाटा मोठा आहे. परंतु विज्ञानाचा प्रसार हे ज्या व्यासपीठाचे प्रयोजन, तेथे विज्ञानाला कंटाळलेला माणूस पाहुणा म्हणूनही अवघडच. दुसरे कारण अधिक खोल आहे, आणि ते भाषेचे आहे. 'कृष्णविवर' हा शब्दच पाहावा : संस्कृतातून घडवलेला, अर्थवाही, उच्चारताना आब राखायला लावणारा. अशा शब्दांवर उभ्या राहिलेल्या प्रमाण मराठीत सोंगाड्या शिरला, तर तो पहिल्याच वाक्यात तो शब्द मोडून ठेवील. कालिदासाला संस्कृताशेजारी प्राकृत ठेवण्याची नाट्यसंकेताने मुभा होती. विज्ञानकथाकाराला असा संकेत मिळालाच नाही. तमाशा कलावंतांपैकी बहुसंख्य ज्या महार, मांग, कोल्हाटी समाजांतून आले, त्यांची बोलीही त्यामुळे कल्पित भविष्याच्या वेशीबाहेर राहिली. या वगळण्यामागे कोणाचा हेतू होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. परिणाम मात्र हेतूवर अवलंबून नसतो.

या चौकटीला गोड अपवाद खुद्द नारळीकरांचाच आहे. 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत पानिपतावर मराठे जिंकलेल्या पर्यायी जगात इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे जाऊन पडतात. आझाद मैदानावरील सभेत अध्यक्षाची रिकामी खुर्ची पाहून ते सवयीने तीत बसतात. त्या जगाने अध्यक्षीय भाषणे केव्हाच बंद केलेली असतात. कंटाळलेला जमाव त्यांच्यावर अंडी-टोमॅटो फेकतो. येथे हास्यविषय विद्वान आहे आणि त्याला हसणारा श्रोता निनावी. तमाशात सोंगाड्या बोलतो आणि राजा ऐकून घेतो. येथे जमावाच्या वाट्याला संवाद फारसे नाहीत, केवळ टोमॅटो आहेत.