अंड्यांतील प्रथिने : पाळीव पक्ष्यांची तुलना

कोंबडी, बदक, जपानी लावा (बटेर), टर्की, गिनी कोंबडी, हंस इत्यादी पाळीव पक्ष्यांच्या अंड्यांतील प्रथिनांचे प्रमाण, घटक व गुणधर्म यांचा तौलनिक विचार. या विषयाशी निगडित दोन राष्ट्रीय संस्था हैदराबादेत आहेत. राजेंद्रनगर येथील कुक्कुट संशोधन निदेशालय १९८८ मध्ये प्रकल्प निदेशालय म्हणून सुरू झाले. परसातील कुक्कुटपालनासाठी त्याने ‘वनराजा’ व ‘ग्रामप्रिया’ हे वाण तयार केले. तार्नाका येथील राष्ट्रीय पोषण संस्थेचा उगम रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९१८ मध्ये कुन्नूरला सुरू केलेल्या संशोधनात आहे. ही संस्था १९५८ मध्ये हैदराबादेत आली. तिने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ५२८ भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्य-कोष्टकांत फार्मच्या कोंबडीचे, गावठी कोंबडीचे, बदकाचे व लाव्याचे अंडे यांच्या नोंदी स्वतंत्र आहेत.

प्रमाण : कच्च्या अंड्याच्या १०० ग्रॅम खाद्यभागात कोंबडीच्या बाबतीत सुमारे १२.६ ग्रॅम, बदकाच्या १२.८, लाव्याच्या १३, टर्कीच्या १३.७ व हंसाच्या १३.९ ग्रॅम प्रथिने असतात. वजनाच्या मानाने हा फरक किरकोळ आहे. अंड्यागणिक मात्र तो मोठा दिसतो : लाव्याच्या अंड्यातून जेमतेम १.२ ग्रॅम, कोंबडीच्या मध्यम अंड्यातून ६ ग्रॅमांच्या आसपास, बदकाच्या अंड्यातून ९, तर हंसाच्या अंड्यातून २० ग्रॅमपर्यंत प्रथिने मिळतात. पिवळ्या बलकात सुमारे १६ टक्के, तर पांढऱ्या बलकात ११ टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. बदकाच्या अंड्यात पिवळ्या बलकाचा वाटा जास्त असल्याने त्यात स्निग्धांशही जास्त असतो.

घटक : कोंबडीच्या पांढऱ्या बलकातील प्रथिनांत ओव्हाल्ब्युमिन सुमारे ५४ टक्के, ओव्होट्रान्स्फेरिन १२, ओव्होम्युकॉइड ११, तर ओव्होम्युसिन व लायसोझाइम प्रत्येकी ३.५ टक्के असते. वाढत्या गर्भाचे पोषण व जंतूंपासून संरक्षण अशी दोन्ही कामे ही प्रथिने करतात. ओव्होट्रान्स्फेरिन लोह बांधून ठेवते व जंतूंना ते मिळू देत नाही. लायसोझाइम जंतूंची पेशीभित्ती तोडते. बदकाच्या पांढऱ्या बलकात या दोन्हींचे प्रमाण कोंबडीपेक्षा कमी असते. हा बलक फेटल्यावर नीट फुगत नाही. थोडे अम्ल घातल्यास फेस सुधारतो.

जातिभेद : अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ मध्ये वर्णिलेले लायसोझाइम कोंबडीत १२९ ॲमिनो अम्लांचे असते. टर्कीचे लायसोझाइम त्याहून केवळ सात ठिकाणी वेगळे आहे. हंसाच्या अंड्यात मात्र १८५ ॲमिनो अम्लांचे, निराळ्या कुळातील लायसोझाइम आढळते. ओव्होम्युकॉइडमधील भेद याहून लक्षणीय आहेत. कोंबडीचे ओव्होम्युकॉइड पचनातील ट्रिप्सिन या विकराला रोखते. टर्की व बदक यांचे ओव्होम्युकॉइड ट्रिप्सिनबरोबर कायमोट्रिप्सिनलाही रोखते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात मायकेल लास्कोव्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रथिनाचा तिसरा खंड शंभर पक्षिजातींत तपासला. प्रथिनाचा जो भाग विकराला प्रत्यक्ष चिकटतो, तोच जातीजातींत सर्वाधिक बदललेला आढळला. कार्याच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग सहसा टिकून राहतो. येथे उलट घडले आहे, म्हणून हा निष्कर्ष प्रथिनांच्या उत्क्रांतीच्या अभ्यासात मोलाचा ठरला.

आहार व आरोग्य : सर्व जातींच्या अंड्यांत अत्यावश्यक ॲमिनो अम्ले आढळतात. कोंबडीच्या शिजवलेल्या अंड्यातील सुमारे ९० टक्के प्रथिने पचतात. कच्च्या अंड्यातील निम्मीच पचतात. कच्च्या पांढऱ्या बलकातील ॲव्हिडिन हे प्रथिन बायोटिन या जीवनसत्त्वाला बांधून ठेवते. शिजवल्याने ही अडचण दूर होते. ओव्होम्युकॉइड उष्णतेला सहजासहजी दाद देत नाही, त्यामुळे अंड्याच्या ॲलर्जीत त्याला विशेष महत्त्व आहे. जातींतील प्रथिनांत बरेच साम्य असल्याने कोंबडीच्या अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला लाव्याचे किंवा बदकाचे अंडे निर्धोक समजून वैद्यकीय सल्ल्याविना कधीही देऊ नये.

मूल्यमापन : राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाला शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. ६० किलोच्या व्यक्तीस सुमारे ५० ग्रॅम. कोंबडीची दोन अंडी त्यातील जवळपास पाव भाग भागवतात. तेवढ्याच प्रथिनांसाठी लाव्याची दहाएक अंडी लागतात. कवचाच्या रंगावरून प्रथिनांची प्रत ठरत नाही. चवीसाठी वा आवडीसाठी कोणतेही अंडे निवडावे. पण केवळ प्रथिनांसाठी महागड्या अंड्यांवर जादा पैसे खर्च करण्याचे कारण नाही. मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबाने मुलांसाठी बाजारात सर्वांत स्वस्त मिळणारे ताजे अंडे घ्यावे आणि ते नीट शिजवून द्यावे.