आधी छप्पर

महाबळेश्वराच्या पठारावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून पूर्वेला शंभर ते दोनशे किलोमीटरवर माण, आटपाडी, जत या भागांत जेमतेम पाचशे. इतक्या थोड्या अंतरात पावसाचा एवढा उतार फार कमी ठिकाणी सापडेल. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांची जुनी घरे पाहिली, की या उताराचा परिणाम भिंतींवर फारसा दिसत नाही. दगडाचे जोते, त्यावर दगड-मातीची किंवा कच्च्या विटांची हात-दीड हात जाडीची भिंत, शेणामातीचा गिलावा हे सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखेच. बदलते ते छप्पर. जावळी, पाटण, वाई या बाजूला ते उतरते आहे, आधी गवताचे, मग नळीच्या कौलांचे आणि पुढे मंगळुरी कौलांचे. मंगळुरात बासेल मिशनने कौलांचा पहिला कारखाना १८६५ साली काढला. पुणे-मिरज रेल्वेमार्ग झाल्यावर असला अवजड माल कृष्णेच्या खोऱ्यात आणणे सोपे झाले. खटाव-माणपासून पुढे जतपर्यंत मात्र छप्पर सपाट मातीचे, म्हणजे धाब्याचे किंवा माळवदाचे. माझे म्हणणे एवढेच आहे, की या मुलखात घर बांधणाऱ्याने पैसा आणि अक्कल आधी छपरावर खर्च केली, आणि गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत हा क्रम उलटा झाला. आज कमी पैशांत गार घर बांधायचे, तर हा क्रम पुन्हा सुलटा करण्यापासून सुरुवात करावी लागेल.

पूर्वी खर्च छपरावर होत असे याचा पुरावा घर मोजण्याच्या रीतीतच आहे. घर चौरस फुटांत मोजत नसत, खणांत मोजत. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. पाच खणांचा सोपा, सात खणांचे माजघर असे बोलण्यात येई, वाटणीच्या कागदातही तसेच लिहीत. माती गावच्या पांढरीतली, दगड माळावरचा, दोन्हींना खर्च तो उचलून आणण्याचा. रोख पैसा लागे तो लाकडाला. म्हणून घर पडले तरी तुळई टाकून देत नसत. ती काढून दुसऱ्या घराला वापरत, भावाभावांत वाटून घेत, बाजारात विकत. भिंत त्या मानाने स्वस्त होती, म्हणून ती जाड ठेवायला कुणी हात आखडत नसे.

माळवदाची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या किंवा बारीक लाकडांची दाट किलचण, तिच्यावर झाडपाला, मग ओल्या मातीचा चोपून बसवलेला थर आणि सर्वांत वर पांढरी, खारी माती. ही वरची माती मुद्दाम निवडलेली असे. तिच्यात गवत सहसा रुजत नाही, आणि पहिल्या सरीने भिजली की ती फुगून आपल्याच भेगा बुजवते. सगळी जाडी फूटभर किंवा त्याहून जास्त भरते. मधे एखादे साणे, म्हणजे उजेडाला आणि धुराला ठेवलेले भोक. पाऊस आला की त्यावर झाकण टाकायचे. पाणी जायला कडेला पन्हळ. ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ मध्ये काढलेली इको-निवास संहिता छपरासाठी एक मर्यादा सांगते. आत-बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असेल, तर छपराच्या चौरस मीटरमागे १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता आत येता कामा नये. फूटभर कोरडी माती आणि खाली इंचभर फळी असा हिशेब मांडला, तर माळवद या मर्यादेत बसते. चार इंचांचा उघडा स्लॅब मात्र साडेतीनच्या आसपास जातो, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट.

माती उष्णता आणि दमटपणा कसा आवरते हे सांगलीला वेगळे सांगायची गरज नाही. शेजारच्या हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल पेवे खणून त्यांत हळद साठवत. वर तोंड अरुंद, आत पोट मोठे, आणि तोंड बंद करून वर माती. हळद त्यात वर्षानुवर्षे कीड न लागता टिकत असे, आणि या साठवणीला विजेचा एक दिवाही लागत नसे. सांगलीच्या हळदबाजाराची पत या पेवांवर उभी राहिली.

मग लोकांनी माळवद का सोडले? शहाणपण विसरले म्हणून सोडले, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. माळवद गार राहत असे ते दरवर्षीच्या कष्टांवर. पावसाळ्यापूर्वी पांढरी माती पाट्यांनी डोक्यावरून वर न्यायची, पसरायची, चोपायची. झड लागली की रात्री-अपरात्री वर चढून गळती शोधायची. खाली भिंतींना गिलावा, जमिनीला सारवण. यातले बहुतेक काम बायकांच्या वाट्याला येई आणि त्याची मजुरी कुठल्याच हिशेबात धरलेली नसे. जुन्या घरांचे गोडवे गाताना हा खर्च धरला जात नाही, आणि तो धरला नाही तर सगळा युक्तिवादच खोटा ठरतो. त्यात साग महागला, पाटणच्या रानातून पूर्वीसारखे लाकूड मिळेना. सिमेंट दीर्घकाळ सरकारी नियंत्रणाखाली, परमिटावर मिळत होते. १९८२ मध्ये ते अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्ण खुले झाले. तोवर कृष्णाकाठी सहकारी साखर कारखाने उभे राहून ऊसबिलाचा रोख पैसा घरात येऊ लागला होता. शिवाय स्लॅब म्हणजे पुढच्या मजल्याची सोय. खांबांवर सळ्या सोडून ठेवल्या, की मुलाच्या लग्नापर्यंत वरचा मजला चढवता येतो. जमिनीचे तुकडे होत चाललेल्या गावात हा विचार चुकीचा नव्हता. वार्षिक कष्टांतून सुटका, गळतीतून सुटका, वाढीची सोय आणि पक्क्या घराचा मान या सगळ्या गोष्टी स्लॅबने एकदम दिल्या.

त्याने घेतले काय, ते मात्र उन्हाळ्यात कळते. सपाट छप्पर दिवसभर थेट ऊन झेलते, भिंतींवर ते तिरपे आणि आळीपाळीने येते. चार-पाच इंचांच्या काँक्रीटमधून ही उष्णता खाली यायला साधारण तीन तास लागतात. म्हणजे दुपारी दोनचे ऊन संध्याकाळी पाचला खोलीत उतरते, आणि रात्री झोपायची वेळ झाली तरी छत तापलेलेच असते. जाड मातीतून हाच प्रवास आठ-दहा तासांचा होतो. उष्णता पोचते तेव्हा रात्र झालेली असते आणि ती पातळ होऊन पोचते. घरातली माणसे तर तोवर माळवदावरच अंथरुणे टाकून झोपलेली असत. माण-जतच्या बाजूला उन्हाळ्यातही रात्री हवा गार पडते, दिवस-रात्रीच्या तापमानात मोठे अंतर असते. जाड बांधकाम आणि रात्रीचा वारा ही जोडी अशाच हवेत कामाला येते. पत्र्याच्या घराबद्दल तर बोलायलाच नको. सर्वांत गरीब माणसाच्या वाट्याला आज तेच येते, आणि तेच सर्वांत तापते.

स्लॅबचे एक बिल नदीनेही भरले. खानापूर तालुक्यात येरळेची वाळू बेसुमार उपसली गेली आणि काठच्या विहिरी आटल्या. बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीतून या उपशाविरुद्ध लढा दिला. थोडी मर्यादित वाळू विकून आलेल्या पैशातून, अभियंते के. आर. दाते यांच्या मदतीने, बळीराजा स्मृती धरण बांधले. सिंचनाच्या इतिहासात त्या धरणाचे नाव घेतले जाते, घरबांधणीच्या इतिहासातही ते घ्यायला हवे.

मातीच्या घराची बाजू घेतली की पहिला आक्षेप भूकंपाचा येतो, आणि तो हलका नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला झालेल्या भूकंपात पावणेदोनशेच्या वर माणसे गेली. १९९३ मध्ये किल्लारीला तर हजारो गेली, आणि तिथे मारक ठरली ती दगड-मातीची जाड भिंत आणि तिच्यावरचे जड माळवद. पण कोसळण्याचे कारण नुसती माती नव्हे. भिंतीचे आतले आणि बाहेरचे असे दोन थर वेगवेगळे रचलेले, त्यांना बांधणारे आरपार दगड नाहीत, कोपरे जुळवलेले नाहीत, दारा-खिडक्यांच्या वर भिंतीला वेढणारा पट्टा नाही. भारतीय मानक संस्थेने १९९३ सालीच मातीच्या आणि कमी ताकदीच्या बांधकामासाठी जी मार्गदर्शक मानके काढली, त्यांत याच गोष्टींवर भर आहे. तरीही मी असे म्हणेन, की पाटणच्या पट्ट्यात जड मातीचे छप्पर नव्याने घालू नये. तिथे पूर्वीपासून हलके, उतरते छप्परच होते आणि तेच योग्य आहे. दुसरा आक्षेप पुराचा. २००५ च्या महापुराने हरिपूरची पेवे पाण्याने भरली, हळद सडली आणि तो धंदा पुन्हा पूर्वीसारखा उभा राहिला नाही. २०१९ मध्ये कृष्णाकाठच्या कितीतरी मातीच्या भिंती पाण्यात बसल्या. पूररेषेच्या आत मातीची भिंत नको, हे त्यातून सरळ निघते. पण या दोन्ही आक्षेपांनी बाद होते ती ठरावीक ठिकाणची जड भिंत किंवा जड छप्पर. छपरातून ऊन आत येऊ देऊ नये, हा मुद्दा दोन्हीतून शाबूत राहतो.

तिसरा आक्षेप पैशाचा: पंखा स्वस्त, छपराचा उपचार महाग. याचे उत्तर खर्चाच्या क्रमात आहे. आज बेताच्या बजेटातही दर्शनी भिंतीला टाइल, ओट्याला ग्रॅनाइट, गेटाला नक्षी यांसाठी पैसे काढले जातात आणि छपरावर स्लॅब पडला की हात झटकले जातात. त्यातले थोडे वर वळवले तरी पुष्कळ होते. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे दर उन्हाळ्याच्या तोंडाला स्लॅबला किंवा पत्र्याला चुन्याचा पांढरा हात. त्याच्या वरची पायरी म्हणजे ओल अडवणारा थर देऊन वर चोपलेली माती आणि विटांची फरशी, म्हणजे काँक्रीटच्या पाठीवर माळवदच. हे वजन मात्र आराखड्यात आधीच धरावे लागते. नवा स्लॅब टाकताना खालच्या बाजूला जुनी मंगळुरी कौले भरून काँक्रीट वाचवता येते. लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत रुजवली, आणि जुन्या कौलांचे ढीग वाई-कऱ्हाडकडे अजून मिळतात. विटा उभ्या लावून मधे पोकळी ठेवणारी भिंतही त्यांनीच प्रचारात आणली. तिला विटा सुमारे पाव हिश्शाने कमी लागतात आणि पोकळीतली हवा ऊन अडवते. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्याचे छत मारले आणि मधल्या पोकळीला दोन्ही टोकांनी वारा दिला, तर त्याच पत्र्याखाली दुपारी बसता येते. लांब बाजू उत्तर-दक्षिणेला, पश्चिमेला न्हाणी किंवा कोठीची खोली, आणि गरम हवा निघून जायला छताजवळ झरोका हे निर्णय नकाशावर घेतले तर त्यांना जवळजवळ काहीच लागत नाही. साण्याने जे काम केले तेच हा झरोका करतो.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये मिळत आले, किमान २५ चौरस मीटर जागेसाठी, आणि त्याला रोजगार हमीतून सुमारे ९० दिवसांच्या मजुरीची जोड दिली गेली. हप्ते पायापासून छतापर्यंतच्या टप्प्यांवर सुटतात. छत घातल्याचा फोटो लागतो, छत तापते किती हे कुणी पाहत नाही. माळवद ज्या कष्टांपायी सुटले ते बिनमजुरीचे होते. इथे मजुरीची तरतूद हाताशी आहे. त्या ९० दिवसांतले आठ-दहा दिवस छपरावर माती-विटा चढवायला किंवा पत्र्याखाली तट्टे ठोकायला राखून ठेवले आणि शेवटचा हप्ता त्यानंतर सोडला, तर जत-आटपाडीतल्या घरकुलांना वेगळे अनुदान न मागता हे करता येईल. कोयनेच्या पट्ट्यासाठी त्याच पैशात हलके छप्पर आणि भिंतीचा पट्टा बसवावा. दोन तालुक्यांना एकच नकाशा देण्याचे कारण नाही, त्यांची छपरे पूर्वीही एक नव्हती.