खोकल्याच्या औषधाचा खोकला

अफू आणि खोकला यांचे वैर फार जुने. सन १८३२ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ रोबिके यांनी अफूतून कोडीन वेगळे केले, आणि पुढे कित्येक पिढ्या खोकल्याच्या औषधात ते नांदत राहिले. याच गुणधर्माच्या एका औषधाने माणसाला खोकला आणावा, ही वैद्यकाच्या इतिहासातील चमत्कारिक गोष्ट होय.

सन १९६० मध्ये बेल्जियमचे पॉल यान्सेन यांनी फेंटानिल प्रयोगशाळेत सिद्ध केले. ते मॉर्फिनहून सुमारे शंभरपट प्रभावी आणि त्वरित लागू पडणारे. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी भूल देताना ते जगभर वापरात आले. परंतु शिरेतून ते झपाट्याने टोचताच काही रुग्णांना खोकल्याची उबळ येते, असे आढळले. सन १९९० च्या सुमारास या विषयावर निबंध प्रसिद्ध होऊ लागले.

ही उबळ बहुधा क्षणभराची असते. तथापि मेंदूतील रक्तवाहिनी फुगलेली असेल, डोळ्याला खोल जखम असेल किंवा पोट भरलेले असेल, तर खोकल्याने वाढणारा दाब जिवावर अथवा दृष्टीवर बेतू शकतो.

उबळ का येते, याविषयी अनेक तर्क आहेत. फुफ्फुसातील सूक्ष्म संवेदनाग्रे उत्तेजित होतात, हा त्यांपैकी एक. ही संवेदनाग्रे सन १९५५ च्या सुमारास ओळखली ती भारतीय शास्त्रज्ञ अवतारसिंग पेंटल यांनी.

कारण पुरते उकलण्यापूर्वीच उपाय मात्र सापडत गेले. सन १९४३ मध्ये स्वीडनचे लॉफग्रेन यांनी तयार केलेले लिडोकेन हे बधिर करणारे औषध थोडेसे आधी टोचावे. दमेकऱ्यांच्या परिचयाचा साल्बुटामॉलचा फवारा द्यावा. फेंटानिल पातळ करावे, प्रथम अल्प मात्रा देऊन मग उरलेली सावकाश सोडावी. या सर्वांनी खोकला कमी होतो.

सर्वांत साधा उपाय लखनौच्या संजय गांधी वैद्यकीय संस्थेतून आला. सन २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील अभ्यासात ३०० रुग्ण होते. त्यांतील काहींना औषध टोचण्यापूर्वी तोंड उघडे ठेवून जोराने श्वास बाहेर टाकण्यास सांगण्यात आले. ज्यांनी तसे केले नाही, त्यांपैकी ३२ टक्के खोकले. ज्यांनी केले, त्यांपैकी अवघे ४ टक्के.

एका बाजूस प्रयोगशाळेतील प्रबळ द्रव्य, दुसऱ्या बाजूस रुग्णाचा स्वतःचा श्वास. मोठ्या शोधातून उद्भवलेली अडचण कधी कधी इतक्या लहान, बिनखर्चाच्या उपायानेही दूर होते, हेच या छोट्या इतिहासाचे सार.