जीर्णोद्धार आणि पाठशोधन

पोथीचें संपादन करणारास व जुन्या वास्तूचा जीर्णोद्धार करणारास एकच प्रश्न सोडवावा लागतो. काळानें जें नेलें तें परत आणतांना आपली भर मूळ म्हणून खपूं नये, यासाठीं काय करावें? शिकागो शहरांतील एका सर्ववस्तुभांडाराच्या दर्शनी भागाचा इतिहास या दृष्टीनें मननीय वाटल्यावरून येथें देत आहों.

स्टेट व मॅडिसन या रस्त्यांच्या नाक्यावरील ही इमारत लुई सलिव्हन या स्थपतीनें श्लेसिंगर आणि मेयर या पेढीसाठीं १८९९ ते १९०४ या काळांत बांधली. १९०४ सालींच ती कार्सन, पिरी, स्कॉट या पेढीकडे गेली. वरच्या मजल्यांस मुलामा दिलेल्या पांढऱ्या भाजक्या मातीचें आवरण आणि खालच्या दोन मजल्यांस ओतीव लोखंडाची दाट वेलबुट्टी, अशी तिची रचना आहे. पुढें १९०६ सालीं डॅनिएल बर्नहॅम याच्या कचेरीनें दक्षिणेकडे भाग जोडला. १९४८ सालीं माथ्यावरील कपोत, म्हणजे बाहेर झुकलेला छज्जा, काढून टाकण्यांत आला. पोथीच्या भाषेंत बोलावयाचें तर एके ठिकाणीं प्रक्षेप झाला व दुसरीकडे पान गहाळ झालें.

पुढील दुरुस्त्यांत लोखंडावरील रंगाचे थर तपासले गेले. तळाशीं तांबडा व वर हिरवा देऊन जुन्या कांशाचा भास उत्पन्न करण्याची मूळ योजना उजेडांत आली. हा पाठ वास्तूच्या अंगावरच होता. कपोताची गोष्ट निराळी. तो २००६ च्या सुमारास पुन्हां घडविला गेला. मूळ वस्तु नष्ट झालेली असल्यानें हें काम जुन्या छायाचित्रांसारख्या दुय्यम साधनांवरच विसंबणार. बर्नहॅमचा भाग मात्र कोणीं पाडला नाहीं, व हें योग्यच झालें. प्रक्षेपहि आपल्या काळाचा साक्षी असतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारत-आवृत्तींत प्रक्षिप्त श्लोक तळटीपांत व परिशिष्टांत जपले आहेत, आणि संशयित पाठाखालीं नागमोडी रेघ दिली आहे.

इमारतीस अशी रेघ देतां येत नाहीं. रस्त्यावरून पाहणारास जुनें कोणतें व २००६ चें कोणतें हें कळत नाहीं. म्हणून जीर्णोद्धाराचें टिपण हीच तिची तळटीप होय. तें हरवलें तर उत्तम अनुकरणहि पुढील संशोधकास फसवील.

हें आम्ही अनुभवानें लिहितों. तरुणपणीं एका पोथीचीं पुसट अक्षरें आम्हीं नव्या शाईनें गिरविलीं. त्या वेळीं ती सेवा वाटली. आज त्या पानावर लेखकानें काय लिहिलें होतें व आम्हीं काय वाचलें, हें आम्हांसहि वेगळें करतां येत नाहीं, आणि त्या ग्रंथाची दुसरी प्रत आमच्या पाहण्यांत नाहीं.

२००७ सालीं तें जुनें भांडार बंद झालें. २०१२ पासून तेथें दुसऱ्या पेढीचें दुकान आलें. व्यापार गेला तरी वास्तु राहिली. संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, फाटलें पान अवश्य सांधावें, परंतु आपला हात कोठें लागला तें त्याच दिवशीं लिहून पोथीबरोबर ठेवावें.